उजवीकडची सातवी ओळ

माझी बहीण आलैदा बटाटे सोलत नसे. आमच्या गावात बटाटे न सोलणारी बाई दुसरी नव्हती. भट्टीतून ताट काढायचं नाही, चाकूला हात लावायचा नाही, बागेत गुलाबाच्या जवळपास फिरकायचं नाही, आणि ऑक्टोबर लागला की मे महिन्यापर्यंत हातमोज्यांशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. झोपण्याआधी दोन्ही तर्जन्यांना मलम चोळायची आणि तेवढा वेळ कुणाशी बोलायची नाही. आम्ही तिला बोटांची महाराणी म्हणायचो. एकदा पंचवीस माणसांच्या वाढदिवसाला सगळे सोलायला बसलेले आणि ही खुर्चीत हात मांडीवर ठेवून गप्पा मारत बसलेली. मी चिडून म्हटलं, "महाराणी, दोन बटाटे सोलल्याने तुझं काय जाणार आहे?"

"तू डोळ्यांनी बटाटे सोलतेस का, दिनी?" ती म्हणाली. "मग मी का सोलू?"

आलैदा जन्मापासून आंधळी. पण नव्या माणसाला ते कळायला बराच वेळ लागे. ती समोरच्याच्या आवाजाकडे बरोबर तोंड करून बोलायची, कप भरत आल्याचं कॉफीच्या आवाजावरून ओळखून हात थांबवायची. ब्रेल पुस्तकं छापणाऱ्या संस्थेत ती अडतीस वर्षं मुद्रितं तपासत होती. एक डोळस माणूस छापील पुस्तक घेऊन समोर बसायचा आणि आलैदा ठिपक्यांवरून बोटं फिरवत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट. उजव्या हाताची ओळ संपायच्या आत डावा हात पुढच्या ओळीवर जाऊन थांबलेला असे, त्यामुळे तिच्या वाचण्यात ओळीच्या शेवटी येणारी अडखळ कधीच नव्हती. एक ठिपका दबलेला राहिला तरी ती थांबायची आणि समाधानाने "हं!" करायची. तो "हं" ऐकला की समोरच्याला घाम फुटायचा, असं तिच्या हापिसातले लोक सांगत.

लहानपणी वडील जेवणानंतर बायबल वाचत, तेव्हा आम्ही सगळे हात जोडून बसायचो. आलैदाचे हात मेजाच्या चादरीखाली असायचे आणि मांडीवर कसली तरी चाच्यांची कादंबरी. चेहरा इतका भक्तिभावाचा की वडील आम्हाला तिचं उदाहरण द्यायचे. मी तिच्या शेजारीच बसायची. चादरीखालून पान उलटल्याची खरखर मला ऐकू यायची, आणि मी जळायची. मला डोळे होते तरी असली चैन माझ्या नशिबी नव्हती.

सातव्या वर्षी तिला दूर पश्चिमेकडच्या निवासी शाळेत घातलं. तिथून तिची पत्रं ठिपक्यांत यायची. आईला ती लागेनात, म्हणून मी पाठकोऱ्या कागदावर अक्षरांचा तक्ता समोर ठेवून ठिपके डोळ्यांनी वाचायला शिकले. मी तेव्हा सहा वर्षांची होते. पहिल्याच हिवाळ्यात तिने लिहिलं होतं की मला इथे आवडत नाही, मी रोज रडते, मला घ्यायला या. आई माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, पिठाचे हात तसेच. मी वाचलं, "इथे बर्फ पडला. मला नवीन मैत्रीण मिळाली. मला बरं आहे." आई हसली आणि परत कणीक मळायला लागली. मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. आलैदा त्या शाळेत अकरा वर्षं राहिली.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते एका दुपारी अचानक झालेलं नाही. ती सवय जुनी होती.

पुढे मी पोस्टात लागले आणि तीस वर्षं सायकलवरून पंचक्रोशीची पत्रं वाटली. लग्न मीही केलं नाही. आलैदा नोकरीसाठी शहरात खोली घेऊन राहायची, शनिवार-रविवारी घरी यायची. आई गेल्यावर तिने आमच्याच आळीत, माझ्या घरापासून दोन दारं पलीकडे, एक लहानसं घर घेतलं आणि रोज आगगाडीने कामावर जाऊ लागली. आमच्या दोघींच्या मधलं दार ग्राडाचं. आमच्याकडे शेजारी म्हणजे नुसता शेजारी नसतो. घरात कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तर पहिला निरोप शेजाऱ्याकडे जातो आणि तो हातातलं काम टाकून येतो. त्याला कुणी उपकार म्हणत नाही. ग्राडा हा शेजारधर्म इतका पाळायची की कधीकधी नकोसं व्हायचं.

गाठ आलैदाला स्वतःलाच सापडली. अठ्ठावन्न वर्षांची होती तेव्हा. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "नक्की तुम्हालाच सापडली? इतकी लहान गाठ आम्हाला यंत्रावर शोधावी लागते."

"एका ठिपक्याहून मोठी होती," आलैदा म्हणाली.

तिच्या बोटांनी तिला वाचवलं, हे त्यांनी आमच्यासमोर बोलून दाखवलं. गाठ काढली. पण आजार परत येऊ नये म्हणून वर औषध द्यावं लागणार होतं, आणि त्यासाठी आम्हाला डॉक्टर हुलसॉफ यांच्याकडे पाठवलं. तरुण बाई, केस आखूड, बोलणं सरळ. खुर्चीवर बसता बसता त्यांनी मला विचारलं, "यांना झोप लागते का?"

"यांनाच विचारा," आलैदा म्हणाली. "यांचे डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे."

डॉक्टरबाई लाल झाल्या, माफी मागितली, आणि त्यानंतर शेवटपर्यंत माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला ते लागलं, खरं सांगते. पन्नास वर्षं मी तिच्या आणि जगाच्या मध्ये उभी होते.

"दोन मार्ग आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत दोन्हींचा गुण जवळजवळ सारखा. फरक आहे तो त्रासात. पहिलं औषध लाल रंगाचं असतं. उलट्या जास्त, केस जातात, आणि थोड्या लोकांमध्ये हृदयाला इजा होते. तुमचं हृदय आम्ही तपासलंय, ठणठणीत आहे. दुसरं औषध टॅक्ससच्या पानांपासून काढतात. केस त्यानेही जातात. अंगावर सूज येते, नखं खराब होतात, बोटांना मुंग्या येतात. तुम्ही काम काय करता?"

"वाचते," आलैदा म्हणाली आणि दोन्ही हात वर करून दाखवले.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी एक कागद काढला. डावीकडे लाल औषध, उजवीकडे टॅक्ससचं, खाली ओळीने सगळे त्रास. "मग उजवीकडची सातवी ओळ नीट वाचून घ्या. कुठल्या त्रासासोबत तुम्हाला राहता येईल आणि कुठल्यासोबत नाही, हे मी नाही ठरवू शकत. ते तुमचं तुम्हीच ठरवायचं. शंका असली तर फोन करा. पुढच्या मंगळवारी मला सांगा."

बाहेर परिचारिका म्हणाली, "हे ठिपक्यांत करून पाठवू का? पण तीन आठवडे लागतील."

"पाठवा," आलैदा हसली. "फिरून माझ्याच टेबलावर येईल तपासायला. तोवर ही आहेच वाचणारी."

डॉक्टरबाईंनी ती ओळ तिथल्या तिथे मोठ्याने का नाही वाचली, हा विचार मी नंतर पुष्कळ दिवस मनात घोळवला. बाहेर सहा जण थांबले होते, त्यांनी आठवडाभराची मुदत दिली होती, फोन नंबर दिला होता. आपल्या दारातला कचरा दुसऱ्याच्या दारात सारायची ती माझी धडपड होती.

आता टॅक्ससबद्दल सांगायला हवं. माझ्या घराभोवती आमच्या वडिलांनी लावलेलं टॅक्ससचं कुंपण आहे, माणसाच्या छातीइतकं उंच, गच्च आणि काळपट हिरवं. ते विषारी. वडिलांच्या गाईने एकदा मान घालून चार घास खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत मेली. पण त्याच्याच सुयांसारख्या कोवळ्या पानांमधून कर्करोगाचं औषध निघतं असं कळलं, आणि मग दर उन्हाळ्यात आमच्या भागात कुंपणांची कात्रणं गोळा व्हायला लागली. त्याच वर्षाची कोवळी वाढ हवी, त्यात दुसऱ्या झाडाचं पान नको, माती नको. लोक पोती भरून गोळा करायच्या ठिकाणी नेऊन देतात. मी आठ वर्षं देत होते. कात्रीने सरळ रेघेत कापायचं, चादरीवर गोळा करायचं, एकेक मूठ निवडायची. इतर कुणाचं पोतं माझ्याइतकं स्वच्छ नसायचं, हे तिथला माणूस सगळ्यांसमोर म्हणायचा. पोस्टातून निवृत्त झाल्यावर अभिमान बाळगावा असं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं.

आणि दुसरी गोष्ट आईची. आई कपडे वाळत घालता घालता गेली. हृदय बंद पडलं. मी टपाल वाटून परत आले तेव्हा ती दोरीखाली पडलेली होती, ओली चादर अंगावर ओढल्यासारखी. आलैदा शहरात कामावर होती. चादर बाजूला केली मी, एकटीने. हृदय हा शब्द ऐकला की मला अजून ओल्या कापडाचा वास येतो.

तर ती दुपार. माझ्या स्वयंपाकघरात आलैदा खिडकीकडे पाठ करून बसली. मी कॉफी ओतली, दोघींना एकेक बिस्कीट दिलं, डबा बंद करून वर ठेवला. चष्मा लावला आणि कागद उघडला.

डावी बाजू मी अशी वाचली की ऐकणाऱ्याने तिथेच मृत्युपत्र करावं. उलट्या. तोंड येणं. केस जाणं. हृदयाचे स्नायू कमजोर होणं, "क्वचित, पण वर्षांनंतरही". ती ओळ मी दोनदा वाचली. "क्वचित" मात्र एकदाच.

"बरं," आलैदा म्हणाली. "आता उजवी."

उजवी बाजू मी टपालातल्या जाहिरातीसारखी वाचली. केस जाणं, थकवा, सूज, नखं, ताप. मग सातवी ओळ आली. तिथे लिहिलं होतं: हातापायांच्या बोटांना मुंग्या येणे आणि बधिरपणा, औषध थांबल्यावर बहुतेकांचा कमी होतो, काहींचा वर्षानुवर्षं राहतो, कधी कायमचा, बोटांच्या नाजूक कामावर तुम्ही अवलंबून असाल तर आधी बोला, आणि त्रास सुरू होताच कळवा.

मी वाचलं, "हातापायांच्या बोटांना मुंग्या येणे. औषध थांबल्यावर कमी होतात."

मूळ कागदावर पूर्णविराम नव्हता तिथे मी पूर्णविराम दिला.

आलैदाने कप खाली ठेवला. "एवढीच?"

"एवढीच."

"डॉक्टरबाई तर नीट वाच म्हणाल्या होत्या."

"नीटच वाचली. मला वाचता येत नाही असं म्हणायचंय का तुला?"

"तसं कुठे म्हटलं मी? चिडतेस काय!" ती म्हणाली. "माझा कल खरं तर लालकडे होता गं. हृदय तपासलंय, धडधाकट आहे म्हणाल्या. पण मुंग्या जाणार असतील तर..."

"आईचं हृदय पण धडधाकटच होतं," मी म्हटलं. "सकाळपर्यंत."

ती उठली, मला म्हणाली, "चल, तुझं कुंपण दाखव." आम्ही बाहेर गेलो. तिने हातमोजा काढला, जे ती मार्च महिन्यात कधीच करत नसे, आणि टॅक्ससच्या सुयांवरून बोटं फिरवली. हळूहळू, डावीकडून उजवीकडे, ओळ वाचावी तशी.

"म्हणजे आठ वर्षं तू माझंच औषध पोत्यात भरत होतीस," ती म्हणाली. "आणि मी तुला चिडवत होते, कात्रीवाली म्हणून."

त्या क्षणी मला वाटलं की मी जन्मात काही चांगलं केलं असेल तर ते हेच. मंगळवारी तिने स्वतः फोन करून टॅक्ससचं औषध सांगितलं.

तीन-तीन आठवड्यांनी चार वेळा. पहिल्या खेपेला विशेष काही नाही. मग केस गेले. "मला काय त्याचं?" आलैदा म्हणाली. "बघायचं तुम्हाला आहे, तुम्ही सहन करा." ग्राडा रोज सूप आणून द्यायची, आणि झाकण उघडून आत काय काय आहे ते नावानिशी सांगायची. दुसऱ्या खेपेनंतर पायांची बोटं झोपल्यासारखी झाली. तिसऱ्या खेपेच्या आधी आलैदा म्हणाली की कुणी हातमोजे चढवून दिलेत आणि काढतच नाही असं वाटतंय.

प्रत्येक खेपेला सुई लावण्याआधी परिचारिका विचारायची, "मुंग्या? बधिरपणा?"

"थोडं," आलैदा म्हणायची. "काही विशेष नाही."

आमच्या भागात "काही विशेष नाही" म्हणजे काय, हे परक्या माणसाला कळणार नाही. आमच्या वडिलांचा माळ्यावरून पडून पाय मोडला तेव्हाही ते काही विशेष नाही म्हणाले होते. ती परिचारिका किनाऱ्याकडची, नवी. तिने तसंच लिहून घेतलं. आमच्याकडची बाई असती तर तिने पेन खाली ठेवून म्हटलं असतं, काकू, आता खरं सांगा.

मी मात्र इथलीच होते आणि शेजारच्याच खुर्चीत बसले होते. मला माहीत होतं. आदल्या दिवशी ठिपके लागेनात म्हणून तिने पुस्तक मिटलेलं मी बघितलं होतं. तिथे मी एक वाक्य बोलले असते तर औषध कमी केलं असतं, बदललं असतं. पण मग परिचारिका म्हणाली असती, कागदावर लिहिलं होतं ना, लगेच कळवा म्हणून? आणि आलैदाने माझ्याकडे तोंड वळवलं असतं. म्हणून मी पर्स उघडून रुमाल शोधत बसले. तिसऱ्या खेपेला आणि चौथ्या खेपेलाही.

स्वयंपाकघरातल्या त्या दुपारी मी घाबरले होते, एवढं तरी माझ्या बाजूने म्हणता येतं. या दोन खेपांना मी फक्त स्वतःला वाचवत होते.

आजार गेला. तपासण्या स्वच्छ आल्या. केस उगवले, आधी नव्हते असे कुरळे, आणि आलैदा म्हणायची, मी म्हातारपणी मेंढी झाले. आणि बोटं परत येण्याची वाट बघायला लागली. आमच्याकडे आजारी माणसाची नोकरीतली जागा दोन वर्षं राखून ठेवतात, तेव्हा घाई नव्हती. तिने ब्रेल शिकणाऱ्या मुलांचं पहिलं पुस्तक मागवलं, ज्यात ठिपके मोठे आणि ओळी दूरदूर असतात. रोज सकाळी न्याहारी झाली की ती टेबलाशी बसून त्यावर बोटं फिरवायची. मग हनुवटीवर, मग ओठांवर कागद लावून बघायची. मी भाजी घेऊन जायची आणि दाराच्या काचेतून हे दिसायचं. मी बेल न वाजवता क्षणभर उभी राहायची.

"आज कसं?" मी विचारायची.

"वाळूवरून हात फिरवल्यासारखं," ती म्हणायची. "पण येईल. जातात ना त्या मुंग्या. लिहिलंय ना."

असे चौदा महिने गेले. या काळात ती बटाटे सोलायला शिकली. एकदा मी गेले तर ग्राडाच्या स्वयंपाकघरात बसून सोलत होती, बोट कापलेलं होतं आणि तिला ते कळलेलं नव्हतं. बटाट्यावर रक्त बघून ग्राडा किंचाळली. आलैदा म्हणाली, "अरे वा, दिनी खूश होईल." मी हसले. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडले.

मग ऑगस्ट महिन्यात हापिसातून पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. दोन वर्षांची मुदत भरत आली आहे, पुढच्या एक तारखेपर्यंत कळवा, परत येणार की जागा दुसऱ्याला द्यायची. ती म्हणाली, "किती महिन्यांत जातात ते नेमकं लिहिलं असेल ना त्या कागदावर? तू तेव्हा एवढं वाचलं नसशील. हापिसाला सांगायला हवं, अमुक महिने अजून द्या म्हणून."

"तो कागद आता कुठे असणार," मी म्हटलं.

"तुझा नसेल. माझा आहे. कपाटात वरच्या फळीवर जाड पाकीट आहे, ठिपक्यांतलं. पहिल्या खेपेच्या दुसऱ्या दिवशीच आलं होतं. काढ."

मी स्टुलावर चढले. पाकीट तसंच होतं, बंद. पोस्टात तीस वर्षं काढलेल्या माणसाला न उघडलेलं पाकीट हातात घेतल्याबरोबर कळतं.

"तू उघडलं नाहीस?" मी विचारलं.

"तू वाचलं होतंस की," आलैदा म्हणाली. "परत कशाला वाचायचं? तेव्हा बोटं वाचवून वाचवून वापरत होते मी. फोड आता."

पाकीट आलं त्या दिवशी तिची बोटं अजून चांगली होती. तिने ते उघडलं असतं तर पाच मिनिटांत सातव्या ओळीवर आली असती आणि "हं" केलं असतं. तीन खेपा बाकी होत्या.

मी पाकीट फोडलं. खिडकीपाशी जाऊन कागद तिरपा धरला, म्हणजे ठिपक्यांची सावली पडते. मला वाटलं, आताही एखादा आकडा सांगावा. चोवीस महिने म्हणावं, छत्तीस म्हणावं. जिभेवर आलं होतं. पण ती खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर, चेहरा बरोबर माझ्या आवाजाकडे वळवून, आणि माझ्याने ते होईना. मी सातवी ओळ सगळी वाचली. काहींचा वर्षानुवर्षं. कधी कायमचा. आधी बोला. त्रास सुरू होताच कळवा.

बाहेर कुणीतरी गवत कापत होतं.

"त्या कागदावर पण हेच होतं?"

"हो."

"आईलाही असंच वाचून दाखवायचीस का गं?" तिने विचारलं. "माझी शाळेतली पत्रं?"

मी हो म्हटलं. आता खोटं बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता.

"मला वाटायचं आई दगडाची आहे," ती म्हणाली. "इतकं लिहिते आणि ही येत नाही. ती मेली तेव्हासुद्धा माझ्या मनातून ते गेलं नव्हतं."

"आलैदा, मला तुझ्या हृदयाची भीती वाटली. आईला मी बघितलं होतं. तू नव्हतीस तिथे, तू..."

"हृदय माझं होतं," आलैदा म्हणाली. "घाबरायचं की नाही ते मी बघितलं असतं. मी लाल घेतलं असतं, दिनी. आणि मेले असते तर वाचता वाचता मेले असते."

मी तिचे हात धरले. तिने ते सोडवून घेतले नाहीत, पण मला वाटलं तिला माझे हात नीट कळतही नसावेत. माझं चुकलं असं मी म्हटलं, तीनचार वेळा म्हटलं. ती म्हणाली, "हो, चुकलं." मग म्हणाली, कॉफी थंड झाली असेल, ओतून टाक.

नोकरीची जागा तिने सोडली. पत्र ग्राडाकडून लिहून घेतलं. हापिसात निरोपाचा कार्यक्रम झाला, तिथे तिने भाषण केलं आणि सगळ्यांना हसवलं म्हणे. मला बोलावणं होतं, मी गेले नाही. आता ती बोलकी पुस्तकं ऐकते. पण वाचणारे लोक फार सावकाश वाचतात आणि नको तिथे आवाज काढतात, अशी तिची तक्रार असते. "चादरीखाली ऐकता येत नाही," एकदा म्हणाली. कुंपण मी अजूनही कापते. पोती भरून देते, कारण त्या औषधाने ती वाचली हेही खरंच आहे. निवडताना मात्र आता पूर्वीची मजा येत नाही, आणि त्या माणसाने स्तुती केली की मी पटकन निघून येते.

बोलणं बंद झालेलं नाही, तसं कुणी समजू नये. दर रविवारी ती कॉफीला येते, एक बिस्कीट खाते, ग्राडाच्या कागाळ्या सांगते. माझी थट्टा करते, मी तिची करते. फक्त माझ्याकडून ती काही वाचून घेत नाही. वीजबिलसुद्धा नाही. टपाल आलं की काठी घेते, ग्राडाच्या दारात जाते, आणि ग्राडा शेजारधर्माला जागून अक्षर न् अक्षर वाचते, तारीख आणि सही-शिक्क्यासकट.

गेल्या गुरुवारी वार्षिक तपासणीचं पत्र आलं. रुग्णालयाचं पाकीट मी लांबून ओळखते. मी कुंपण कापत होते. ती पाकीट हातात धरून घरातून निघाली आणि ग्राडाच्या दाराशी थांबली. मी कात्री बंद करून उभी राहिले. दोघी आत गेल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. इतकं लांब पत्र कधी नसतं.

ती बाहेर आली तेव्हा मी फाटकापाशी गेले. "काय म्हणतात?"

आलैदाने माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"काही विशेष नाही," ती म्हणाली.

"सगळं वाचलं ग्राडाने?"

"सगळं."

"आणि एवढंच आहे?"

"एवढंच," आलैदा म्हणाली, आणि काठी टेकत आपल्या घरी गेली. ग्राडाला मी विचारलं नाही. तो हक्क मला उरलेला नाही, हे मला कळतं. मी कात्री उचलली आणि राहिलेलं कुंपण कापून पुरं केलं.